‘समजलं ना?’ ‘हाव, साहेब.’

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता घटांग मागे टाकून खाली उतरला, की सिपना नदीच्या काठी सेमाडोह लागतं. पर्यटकांना हे गाव माहीत असतं ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पातला मुक्काम म्हणून. आसपासच्या कोरकू वस्त्यांसाठी मात्र ते दवाखान्याचं गाव आहे, कारण चिखलदरा तालुक्यातल्या मोजक्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपैकी एक इथे आहे. इथे भागलं नाही तर अचलपूरचं उपजिल्हा रुग्णालय आणि तिथेही भागलं नाही तर अमरावतीचं इर्विन किंवा डफरीन रुग्णालय. १९९३ मध्ये मेळघाटातले बालमृत्यू पहिल्यांदा राज्यभर गाजले. तेव्हापासून समित्या आल्या, उच्च न्यायालयात याचिका झाल्या, अहवाल लिहिले गेले. त्यांत डॉक्टरांची रिक्त पदं मोजली गेली, खाटा मोजल्या गेल्या, पावसाळ्यात तुटणारे रस्ते मोजले गेले. हे सगळं मोजायलाच हवं होतं. पण टेबलाच्या अलीकडे बसलेला डॉक्टर आणि पलीकडे उभी असलेली बाई यांच्यात त्या दीड-दोन मिनिटांत नेमकं काय बोललं जातं, त्यातलं किती तिच्यापर्यंत पोचतं आणि तिच्या मनातलं किती त्याच्यापर्यंत पोचतं, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही. हे बोलणं उपचाराचाच भाग आहे आणि ते नीट होणं डॉक्टरच्या स्वभावावर सोडून देता येणार नाही, त्याची व्यवस्था लावावी लागेल, असं माझं म्हणणं आहे.

मेळघाटातला रुग्ण दवाखान्यात का येत नाही किंवा आलेला मधेच उठून का जातो, याचं शहरात तयार असलेलं उत्तर एका शब्दाचं असतं: अंधश्रद्धा. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या सिमोरी गावात २२ दिवसांच्या आजारी बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याचे ६५ चटके दिल्याचं उघडकीस आलं. बाळाला अमरावतीला हलवावं लागलं आणि पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. पोट फुगलं की डम्मा द्यायचा, ही इथली जुनी रीत. ती क्रूर आहे, घातक आहे, तिचं कुठलंही समर्थन करता येणार नाही आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तिथे लागू व्हायलाच हवा. पण कायदा चटके दिल्यावर येतो. बाळाचं पोट फुगलं, श्वास लागला, दूध ओढेना, तेव्हा त्या घरात भीती दाटते, आणि त्या भीतीला पहिलं उत्तर कोण देतं, हा त्याआधीचा प्रश्न आहे. भूमका, म्हणजे गावातला पारंपरिक वैदू, देतो, कारण तो जवळ आहे. शिवाय तो कोरकूत बोलतो, घरच्या सगळ्यांसमोर बसतो, केव्हापासून, कशाने, काय खाल्लं हे विचारतो, आजाराला काहीतरी नाव देतो आणि आता काय करायचं ते सांगतो. त्याचं निदान चुकीचं असतं, उपाय कधी निरुपयोगी तर कधी जीवघेणा असतो. तरीही त्याच्याकडून निघालेल्या माणसाला आपलं ऐकून घेतलं गेलं असं वाटतं. ज्याचं निदान बरोबर आहे आणि ज्याचं औषध लागू पडणार आहे, त्याच्याकडून निघालेल्या माणसाला तसं वाटत नसेल, तर ती उणीव दवाखान्याने स्वतःची म्हणून पाहायला हवी. सरकारलाही हे काही अंशी उमगलेलं आहे. भूमकांनी रुग्ण दवाखान्यात पाठवावेत म्हणून त्यांना मोबदला देण्याची योजना मेळघाटात आली ती त्यातूनच. रुग्ण दारापर्यंत आणण्याची सोय त्यातून होते. दाराच्या आतलं बोलणं होतं तसंच राहतं.

त्या बोलण्यातली पहिली अडचण भाषेची आहे आणि तिचा आवाका बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. वऱ्हाडी माणूस पुण्याच्या डॉक्टरपुढे बसला तर शब्द अडतात, पण गाडी चालते. कोरकूचं तसं नाही. ती मुंडा कुळातली भाषा, संथाली आणि मुंडारी यांच्या नात्यातली. मराठी-हिंदीशी तिचं रक्ताचं नातं नाही. २०११ च्या जनगणनेत ती मातृभाषा सांगणारे सव्वासात लाखांच्या घरात होते, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून. मेळघाटातले पुरुष बाजारहाटापुरती, मजुरीपुरती हिंदी किंवा मराठी बोलतात. पण बाजाराची भाषा येणं वेगळं आणि अंगातलं दुखणं सांगता येणं वेगळं. कळ येते, जळजळतं, ठणकतं, मुंग्या येतात, जीव घाबरा होतो, यांतला फरक मराठी माणूसदेखील फक्त मराठीतच सांगू शकतो, आणि निदान तर पुष्कळदा त्याच फरकावर ठरतं. मग दुभाष्या शोधला जातो. तो बहुतेक वेळा नवरा असतो, दीर असतो, कधी शाळेत जाणारा पोरगा असतो. अंगावरून काय जातं, पाळी कधी चुकली, घरात मारहाण होते का, हे बाईने पोराच्या तोंडून डॉक्टरला सांगायचं! ती सांगत नाही, आणि केसपेपरवर ‘अशक्तपणा’ एवढं लिहिलं जातं.

न सांगितलेल्या दुखण्यांचा डोंगर केवढा असू शकतो, हे विदर्भातच मोजलं गेलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांमध्ये केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम ८ टक्के. या बायका ठणठणीत म्हणून गप्प नव्हत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, विचारण्याजोगी जागा नव्हती, आणि विचारलं असतं तर कुणापुढे बोलायचं हाही प्रश्न होता. जगभरच्या अभ्यासांत याचीच दुसरी बाजू दिसते. अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये डॉक्टर-रुग्णांची संभाषणं ध्वनिमुद्रित करून तपासली, तेव्हा रुग्ण बोलायला लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मधेच तोडत असल्याचं निघालं. आपलं म्हणणं पुरतं मांडता आलेले रुग्ण चारात एकही नव्हते. हे एकाच भाषेत बोलणाऱ्यांचं. सेमाडोहसारख्या ठिकाणी, जिथे रुग्णाला वाक्य जुळवायलाच तेवढा वेळ लागतो, तिथे तोडण्यासाठी वाक्य सुरूही झालेलं नसतं.

यावर सगळ्यात आधी पुढे येणारा आक्षेप वेळेचा. तो खोटा नाही. बाजाराच्या दिवशी बाह्यरुग्ण विभागापुढे लागलेली रांग, एकच डॉक्टर, मधेच बाळंतपण, मधेच सर्पदंश, आणि वर ऑनलाइन भरायच्या माहितीचा ढीग. ६७ देशांतल्या आकडेवारीची छाननी करणारा एक आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्वीडनमध्ये डॉक्टर रुग्णाला सरासरी बावीस मिनिटांहून अधिक देतो, बांगलादेशात मिनिटभरही नाही आणि भारतात दोन-सव्वादोन मिनिटं, असं चित्र होतं. सव्वादोन मिनिटांत कसली आस्था, असं कुणी विचारलं तर ते समजण्यासारखं आहे. पण रुग्णाला बोलू दिलं तर तो बोलतच राहील, ही भीती तपासून पाहिली गेली आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या डॉक्टरांनी रुग्णांना न तोडता बोलू द्यायचं ठरवलं, आणि २००२ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: सरासरी ९२ सेकंदांत माणसं आपोआप थांबली, पाचांतल्या जवळपास चौघांचं दोन मिनिटांच्या आत आटोपलं. बाझल म्हणजे मेळघाट नव्हे, हे मान्य. ९२ सेकंद इथल्या रांगेत प्रत्येकाला देता येणार नाहीत हेही मान्य. पण वेळ जातो म्हणताना न ऐकल्यामुळे जाणारा वेळ हिशेबात धरलाच जात नाही. अर्धवट समजलेलं औषध अर्धवट घेऊन तोच रुग्ण पंधरा दिवसांनी अधिक आजारी होऊन परत येतो, तेव्हा तो वेळ कुणाच्या खात्यावर टाकायचा?

हे अर्धवट समजणं जवळून पाहायचं तर गरोदर बाईला मिळणारी लोहाची लाल गोळी घ्या. मेळघाटात रक्तक्षय घरोघरी आहे. बाळंतपणात बाई दगावण्यामागे आणि मूल कमी वजनाचं जन्मण्यामागे तो असतो. गोळी फुकट मिळते, महिन्याची एकदम मिळते. ‘रोज एक घ्यायची, समजलं ना?’ ‘हाव, साहेब.’ संपलं. घरी गेल्यावर चार दिवसांत मळमळतं, पोट साफ होत नाही आणि शौचाला काळं होतं. काळं दिसलं की कुणीही घाबरेल. सासू म्हणते, पोटात बाळ आहे, नको असली गोळी. कुठे असाही समज असतो की या गोळीने बाळ फार मोठं होतं आणि अडतं. गोळ्या फडताळात पडून राहतात, रजिस्टरात ‘वाटप पूर्ण’ असतं, आणि नवव्या महिन्यात हिमोग्लोबिन पाहून तिलाच बोल लावला जातो. यात अडाणी कोण? काळं होणार, घाबरू नका, ते गोळीतल्या लोहामुळे होतं. रात्री जेवण झाल्यावर घ्या म्हणजे मळमळ कमी होईल. वर चहा पिऊ नका. ही तीन वाक्यं आहेत. ती सासूच्या कानावर पडली तर आणखी बरं. क्षयाच्या औषधाने लघवी लालसर-नारिंगी होते, तिथेही हेच. जुलाबावरची ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात घालायची, पण घरात लिटर कशाने मोजायचं? तिथे पाण्याची रिकामी बाटली हातात धरून ‘ही भरून’ असं दाखवणारा औषधनिर्माता निम्मं काम करून जातो. डॉक्टरने सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के गोष्टी रुग्ण लगेच विसरतात, असं २००३ मधला एक आढावा सांगतो. २००९ मध्ये शंभरहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा नीट न बोलणाऱ्या डॉक्टरांच्या रुग्णांत औषध नीट न घेण्याचा धोका १९ टक्क्यांनी जास्त निघाला. म्हणून ‘समजलं ना?’ हा प्रश्नच टाकून द्यावा. त्याला ‘हाव’शिवाय दुसरं उत्तर देण्याची हिंमत गरीब माणूस साहेबापुढे करत नाही. त्याऐवजी ‘घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार, ते मला सांगा’ असं म्हणावं. चूक तिथल्या तिथे सापडते.

आता रागावण्याबद्दल. ‘इतका उशीर का केला? मरायला टाकलं तेव्हा आणलं?’ हे वाक्य खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांतच नव्हे, अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयापासून मुंबईपर्यंत कुठेही ऐकू येतं. ते बहुधा तळमळीतूनच निघतं. हातातून मूल निसटताना डॉक्टरलाही यातना होतात. पण ते वाक्य ज्याच्या अंगावर पडतं, तो पुढच्या वेळी लवकर येत नाही. येणंच टाळतो, आणि गावात जाऊन चार जणांना सांगतो. प्रसूतिगृहात तर हे फार होतं. कळा देणाऱ्या बाईवर ओरडणं, तिला एकटी ठेवणं, परक्यांपुढे उघडी ठेवणं. घरी ती उकिडवी बसून, ओळखीच्या बायकांच्या हातात बाळंत होत आलेली असते. इथे उताणी झोपवतात आणि आईला बाहेर काढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत बाळंतिणीसोबत तिच्या पसंतीचं माणूस असावं, कुठल्या स्थितीत प्रसूत व्हायचं हे तिला ठरवू द्यावं आणि तिचा मान राखला जावा, असं स्पष्ट म्हटलं आहे. भारत सरकारच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही सोबतिणीची तरतूद आहे. म्हणजे कोरकू बाई जे मागत होती तेच शास्त्रानेही मान्य केलं. दूरच्या गरोदर स्त्रियांनी आधीच येऊन राहावं म्हणून आरोग्य केंद्राशी ‘माहेरघरं’ बांधली गेली. पण आत गेल्यावर वागणूक माहेरची मिळणार नसेल तर त्या भिंतींचा उपयोग काय?

डॉक्टरांची बाजू इथे मांडलीच पाहिजे, आणि ती नाइलाजाने नव्हे. मेळघाटातला डॉक्टर पुष्कळदा पंचविशीतला असतो, सरकारी महाविद्यालयातून नुकता बाहेर पडलेला, एक वर्षाच्या बंधपत्रावर आलेला. ती सेवा टाळली तर दहा लाख रुपये भरायचे, म्हणून आलेला. त्याला कोरकू येत नाही, चोवीस तास बोलावणं येऊ शकतं, आणि रुग्ण दगावला तर जमाव अंगावर येईल ही धास्ती असते. महाराष्ट्राला २०१० मध्ये डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून ही धास्ती पोकळ नाही हे कळतं. दिवसभर ज्याच्याशी कुणी बरं बोललेलं नाही, त्याने सगळ्यांशी बरं बोलावं, ही अपेक्षा जड आहे. म्हणूनच ‘डॉक्टरांनी दयाळू व्हावं’ असा उपदेश मला अपुरा वाटतो. बोलणं हे कौशल्य आहे, ते शिकवता येतं आणि आता ते अभ्यासक्रमातही आहे. २०१९ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना वृत्ती, नीती आणि संवाद असा भाग सक्तीने शिकवला जातो. शिवाय त्याचा फायदा डॉक्टरलाही आहे. अमेरिकेत १९९७ मध्ये लेव्हिन्सन यांच्या अभ्यासात, ज्या फॅमिली डॉक्टरांवर कधी दावे झाले नव्हते ते रुग्णांना थोडा जास्त वेळ देत, पुढे काय होणार ते आधी सांगत, त्यांचं मत विचारत, असं आढळलं. शल्यचिकित्सकांत मात्र असा फरक दिसला नाही. तेव्हा गोड बोलणं हे काही कवचकुंडल नव्हे. पण मृत्यूनंतर उसळणारा राग पुष्कळदा मृत्यूपेक्षा ‘आम्हाला कुणी काही सांगितलंच नाही’ याचा असतो, हे कुठल्याही अनुभवी डॉक्टरला विचारून पाहावं.

न सांगण्याची सर्वात महाग किंमत मोजली जाते ती रुग्णाला पुढे पाठवताना. ‘रेफर’ हा शब्द मेळघाटात सगळ्यांना पाठ आहे. अचलपूर, तिथून अमरावती, कधी नागपूर. १०८ ची गाडी उभी असते आणि घरचे नाही म्हणतात. डॉक्टर कपाळाला हात लावतो. पण त्यांच्या मनातले हिशेब पाहा. घरी दोन लहानगी आहेत, त्यांना कोण पाहील? मजुरी बुडणार, तिथे खायचं कुठे, झोपायचं कुठे? बाळ तिथे गेलं आणि नाहीच वाचलं तर परत कसं आणायचं? आणि मुख्य म्हणजे, तिथे नेऊन होणार काय आहे? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फक्त डॉक्टर देऊ शकतो, आणि नेमकं तेच राहून जातं. काही जण म्हणतात की खरं सांगितलं तर लोक आणखी घाबरतात, म्हणून ‘काही नाही, बरं होईल, घेऊन जा’ एवढंच सांगावं. हा युक्तिवाद मला पटत नाही. ‘काही नाही’ असेल तर शंभर किलोमीटर कशाला न्यायचं, असं वाटणं अगदी तर्काला धरून आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत डॉक्टरने आजाराचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, असं बजावलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलं की उपचार काय, धोका काय, पर्याय काय आणि नकार दिला तर काय होईल, हे पुरेसं कळल्यावर दिलेली संमतीच खरी. न समजलेल्या भाषेतल्या कागदावर उमटलेल्या अंगठ्याला मग संमती कशी म्हणायची?

शेवटी मोठा आक्षेप असा, की बोलण्याने रक्त चढत नाही. बालरोगतज्ज्ञ नाही, सोनोग्राफी नाही, तिथे संवादाचं कौतुक कशाला? मला वाटतं, ही दोन कामं एकमेकांच्या आड येत नाहीत. उलट एक नसेल तर दुसरं वाया जातं. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने आदिवासींनाच विचारलं की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. त्यांच्या उत्तरांवरून गावासारखा, झोपड्यांचा, नातेवाईक सोबत राहू शकतील असा दवाखाना बांधला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. त्याच संस्थेने १९९५ ते १९९८ दरम्यान ३९ गावांत नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली. ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. त्यात इंजेक्शनं होती, उबेच्या पिशव्या होत्या, निव्वळ बोलणं नव्हतं. पण ती उपकरणं घेऊन घरात शिरणारी बाई त्याच गावची होती, म्हणून तिला आत घेतलं गेलं. मेळघाटातच बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे दशकानुदशकं राहिले. उतावलीला डॉ. आशिष आणि डॉ. कविता सातव यांच्या ‘महान’ संस्थेने रुग्णालय उभारलं, आणि सरकारी दवाखान्यांत स्थानिक समुपदेशक ठेवण्याच्या कामालाही हात घातला. मला यातलं समुपदेशकाचं काम सर्वात अनुकरणीय वाटतं, कारण त्याला डॉक्टरने आयुष्य वाहून टाकावं लागत नाही. दहावी-बारावी शिकलेली कोरकू मुलगी दवाखान्यात पगारावर असावी. तिने रांगेतल्या बाईला आधीच बोलतं करावं, डॉक्टरच्या खोलीत तिच्या शेजारी उभं राहावं, औषधाच्या खिडकीशी पुन्हा समजावून सांगावं, आणि रेफर झाल्यावर अचलपूर-अमरावतीत दुसऱ्या कोरकू बोलणाऱ्या माणसाला फोन करावा.

मेळघाटातलं हरिसाल मायक्रोसॉफ्टच्या मदतीने डिजिटल गाव झालं आणि दूरवरच्या तज्ज्ञाला पडद्यावर आणण्याची सोय झाली. तो पडदा चालू असतानादेखील शेजारी ही मुलगी लागेलच. तिचं पद कंत्राटी आणि अनुदान आलं तर चालू अशा भरवशावर न ठेवता औषधनिर्माता, परिचारिका यांच्यासारखं मंजूर पद म्हणून आकृतिबंधात यावं. आणि बंधपत्रावर येणाऱ्या प्रत्येक नव्या डॉक्टरने पहिले आठ-दहा दिवस खुर्चीत बसण्याआधी आशा कार्यकर्तीबरोबर घरोघरी फिरावं. कुठे दुखतं, केव्हापासून, ताप आहे का, दूध पितं का, एवढे प्रश्न कोरकूत विचारायला तेवढ्या दिवसांत येऊ शकतात. उत्तर समजायला ती मुलगी शेजारी आहेच.